मदत हवी आहे : पंप अ‍ॅक्शन बंदुकीची साफसफाई

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर पंप अ‍ॅक्शन आहे, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक. बाबांची जुनी दुनाळी मधून वाकवली की नळ्यांतून आरपार उजेड दिसे, चिंधी फिरवली की झालं. हिचं तसं नाही. पावसाळाभर पडून होती. आता तुरीत रानडुकरं शिरू लागली म्हणून काढली, तर पुढचा लाकडी पंप मागे ओढताना अर्ध्यातच करकरतो. चेंबर (काडतूस उडतं ती जागा) आणि मॅगझीन (नळीखालची, जादा काडतुसं भरायची नळी) दोन्ही रिकामे आहेत हे बघून मॅगझीनची टोपी उघडली, बंदुकीची नळी काढली. मॅगझीनच्या नळीवर तांबूस गंज अन् काळं चिकट तेल साचलेलं.

पितळी ब्रश आणि घासलेटनं नळी साफ होते, तिथवर ठीक. पण पंपासोबत सरकणाऱ्या पट्ट्यांना कोणतं तेल लावावं, किती? शेजारचे काका म्हणतात खोबरेल लावा. ते तर थंडीत गोठते राजेहो! मॅगझीनची स्प्रिंग घरी काढावी का? ट्रिगरचा भाग मी खोलणार नाही, तो परवानाधारक कारागिराकडेच. दस्त्याला घरचं जवसाचं तेल लावलं तर चिकट राहतं, लवकर वाळत नाही. उकळलेलं कुठं मिळेल?

पंपवाल्यांनीच सांगा, दुनाळीवाल्यांनी जरा थांबा.