शहर कागदावर केवढं आणि अंगावर येतं केवढं?

पायपीट
एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हटलं इथे टाकून बघावा. पॅरिस फिरताना मला वाटत होतं की हे शहर संपतच नाही, एक रस्ता संपला की पुढे तितकाच भरगच्च दुसरा, चौकातून फुटणारे सहा रस्ते आणि सहाच्या सहा गजबजलेले. नंतर आकडे बघितले तर उडालोच. पॅरिस शहर फक्त १०५ चौरस किमी, त्यातही दोन टोकांची दोन मोठी जंगलं धरून! उत्तर-दक्षिण जेमतेम साडेनऊ किमी, म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत आरपार चालत जाईल. वस्ती २१ लाखांच्या आसपास. आणि बर्लिन? ८९१ चौरस किमी, ३७ लाखांच्या आसपास लोक. आठपटीहून मोठं. पण बर्लिनमध्ये मला सारखं वाटायचं की आपण गावाबाहेर आलो की काय, झाडी, पाणी, मोकळ्या जागा, मग परत अचानक शहर सुरू. आजही कोणी विचारलं तर तोंडातून पॅरिसच मोठं असं निघेल.

तर विचारायचं असं, की आकड्यापेक्षा मोठी वाटणारी आणि आकड्यापेक्षा लहान वाटणारी शहरं तुमच्या मते कोणती, आणि असं का होतं? नुसती यादी देऊ नका प्लीज, का वाटतं ते पण लिहा.

नकाशेवेडा
अहो पण तुम्ही तुलना करताय ती शहरांची नाही, महापालिकांच्या हद्दींची. पॅरिसची हद्द १८६० मध्ये वाढवली, त्यानंतर ती दोन जंगलं जोडली एवढंच, बाकी जवळपास तिथेच गोठलीय. भोवती १९७३ मध्ये तो ३५ किमीचा रिंगरोड पूर्ण झाला आणि तीच सगळ्यांच्या डोक्यातली भिंत होऊन बसली. प्रत्यक्षात रस्ता ओलांडला की पलीकडे तेच शहर चालू, ला देफाँस या ऑफिसांच्या भागातले टॉवर, ज्यांना सगळे पॅरिसचे म्हणतात, ते कायद्याने पॅरिसमध्ये नाहीतच. सलग वस्ती धरली तर एक कोटीच्या वर जाते. म्हणजे तुमच्या पायांना जे वाटलं ते बरोबर होतं, आकडाच तोकडा आहे.

बर्लिनचं बरोबर उलटं. १९२० मध्ये कायदा करून आजूबाजूची गावं, छोटी शहरं, जमीनदारांच्या इस्टेटी सगळं एका झटक्यात शहरात घेतलं, ६६ चौरस किमीचं शहर रातोरात ८७८ चं झालं. तळी आणि जंगलं तेव्हापासून हद्दीच्या आतच आहेत, म्हणून तुम्ही शहरात असूनही शहराबाहेर होता.

आणि या खेळाचा बादशहा म्हणजे चीनमधलं चोंगचिंग. "३ कोटी २० लाखांचं जगातलं सर्वात मोठं शहर" असे व्हिडिओ फिरत असतात ना, ते सगळं अंगापेक्षा बोंगा मोठा. त्याचं क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किमी आहे, जवळजवळ ऑस्ट्रिया देशाएवढं, त्यात डोंगर आहेत, शेती आहे, शेकडो किमीवरची वेगळी शहरं आहेत. नाव महानगराचं, आकार प्रांताचा. खरं शहर आहे तेही प्रचंड आहे, पण ३ कोटी वगैरे अजिबात नाही. टोकियोचं पण असंच, समुद्रात हजारएक किमी दक्षिणेला असलेली ओगासावारा बेटं टोकियो प्रशासनात येतात, आता ती धरून टोकियोची लांबी मोजणार का?

सरळरेषा
नकाशेवेडा +१, पण हद्द बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच की. एकाच शहरातलं उदाहरण देतो. न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन फक्त ५९ चौरस किमी आहे आणि स्टेटन आयलंड दीडशे, म्हणजे अडीचपट. एकच महापालिका, एकच महापौर. पण स्टेटन आयलंडवर राहतात पाच लाखांच्या आसपास आणि मॅनहॅटनवर सोळा-सतरा लाख, शिवाय दिवसा कामाला येणारे वेगळे. फिरणाऱ्याच्या डोक्यात मॅनहॅटन म्हणजे एक अख्खं विश्व आणि स्टेटन आयलंड म्हणजे जिथून फेरीबोट परत फिरते ती जागा.

माझं म्हणणं असं की माणूस चौरस किमी मोजत नाही, वाटेत किती गोष्टी लागल्या ते मोजतो. दुकान, दार, वळण, माणसांची गर्दी, काहीतरी नवीन दिसलं की डोकं त्याची नोंद करतं, आणि जितक्या नोंदी जास्त तितका रस्ता लांब वाटतो. दोन किमी नुसती कंपाउंड वॉल आणि पार्किंग असेल तर चालताना कंटाळा येतो खरा, पण नंतर आठवायला गेलं तर तिथे काहीच नसतं, सगळं मिळून एकच आठवण. म्हणून मोटारींसाठी बांधलेली शहरं आकड्यात अवाढव्य आणि आठवणीत चिमुकली.

सॅन होजे घ्या. लोकसंख्येत सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा मोठं आहे, दहा लाखांच्या आसपास विरुद्ध साडेआठ लाखांच्या आतबाहेर. कोणाला सांगून पटतं का? सॅन फ्रान्सिस्को १२१ चौरस किमीत कोंबलेलं, टेकड्या, समुद्र, पूल, धुकं, प्रत्येक मोहल्ल्याचा चेहरा वेगळा. सॅन होजे म्हणजे मैलोनमैल बंगले आणि ऑफिसं. जॅक्सनव्हिल तर त्याहून भारी केस, १९६८ मध्ये शहर आणि काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एक केली आणि अलास्का सोडला तर क्षेत्रफळात अमेरिकेतलं सर्वात मोठं शहर झालं, लोकसंख्या सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा जास्त. पण दहा मोठी अमेरिकन शहरं सांगा म्हटलं तर किती जण त्याचं नाव घेतील?

रात्रपाळी
सरळरेषा, तुमची थिअरी आवडली पण लॉस एंजेलिसला लागू पडत नाही. ते मोटारींचंच शहर, पण लहान कुठे वाटतं? मला तर ते जगातलं सर्वात मोठं वाटलं. गाडी चालवतोय चालवतोय, तासाभराने पण बाहेर तेच. आणि गंमत म्हणजे सगळे त्याला विरळ म्हणतात, पण २०२० च्या जनगणनेत उपनगरांसकट सलग शहरी पट्टा धरला तर लॉस एंजेलिस न्यूयॉर्कपेक्षा दाट निघतं! मॅनहॅटन अतिदाट असलं तरी न्यूयॉर्कच्या लांबच्या उपनगरांत मोठमोठे प्लॉट आणि झाडी, त्यामुळे सरासरी खाली येते. लॉस एंजेलिसमध्ये प्लॉट लहान लहान आणि सगळीकडे तसेच, कुठे फार चढ नाही कुठे फार उतार नाही. माझ्या मते तेच कारण आहे, कुठेही "हे मध्य आणि हे टोक" असं कळतच नाही, मग माणूस शहर मोजणार कुठून कुठपर्यंत?

सरळरेषा
मान्य, पण तुम्ही जे म्हणताय तो थकवा आहे, मोठेपणा नाही :)
बरं, गमतीचा भाग सोडा. आत असताना किती मोठं वाटतं आणि नंतर आठवताना किती मोठं वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं म्हणू. एलए पहिल्यात जिंकतं, पॅरिस दुसऱ्यात.

गल्लीबोळ
मला वाटतं शहर कुठे संपतं ते दिसतं की नाही यावर बरंच आहे. रिओ दि जानेरो आणि साओ पाउलो शेजारी ठेवा. रिओ १२०० चौरस किमी, ६२ लाख, साओ पाउलो १५२० आणि १ कोटी १४ लाख. क्षेत्रफळात काही जमीन-अस्मानाचा फरक नाही. पण रिओत कुठूनही बघा, एकीकडे समुद्र एकीकडे डोंगर, शहर मधल्या फटीत, बोगद्यातून बाहेर पडलो की नवीन भाग. प्रत्येक तुकडा नजरेत मावतो. साओ पाउलोत उंच इमारतीच्या गच्चीवर जा, चारी दिशांना क्षितिजापर्यंत टॉवर आणि टॉवरच, समुद्र नाही, ओळखीचं शिखर नाही, नजर टेकवायला जागा नाही. आकडा दुप्पट पण नाही, भीती मात्र दहापट.

पण डोंगर असले की शहर लहान वाटतं असंही सरसकट नाही हं. सोल बघा, ६०५ चौरस किमीत ९० लाखांवर लोक, मध्येच डोंगर, शिवाय आडवी जाणारी ती रुंद हान नदी. डोंगरामुळे एका वेळी एकच भाग दिसतो, वळसा घातला की परत तेवढंच शहर, परत वळसा, परत तेवढंच. तिथे डोंगर शहर लपवतो आणि त्यामुळेच ते वाढतं. हाँगकाँगची तर कमालच, सगळे त्याला काँक्रीटचं जंगल म्हणतात आणि प्रत्यक्षात ११०० चौरस किमीपैकी बांधकाम फक्त पाव भागावर, ४० टक्के तर संरक्षित कंट्री पार्क! ७५ लाख लोक त्या पाव भागात उभे आडवे कसे मावलेत ते बघितलं की लक्षात येतं की तिथे शहर आडवं नाही, उभं मोजायला पाहिजे.

पायपीट
वा, मजा येतेय वाचायला. त्या बेटांपलीकडे टोकियोबद्दल कोणीच लिहीना. ते तर सगळ्यात मोठं ना? की तिथे पण हद्दीचा घोळ?

उनाडपाखरू
टोकियोबद्दल मी लिहितो, आणि शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो, मला ते लहान वाटलं. थांबा, ऐका. मधली २३ वॉर्डं ६२८ चौरस किमी, आसपासचा पट्टा धरला की साडेतीन कोटींच्या घरात जातं, हे सगळं माहीत आहे. पण यामानोते लाइन म्हणून जी गोल फिरणारी रेल्वे आहे ती साडेचौतीस किमीची, ३० स्टेशनं, तासाभरात पूर्ण चक्कर. शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो, उएनो, टोकियो स्टेशन सगळी त्याच गोलावर, आणि त्यातलं प्रत्येक स्टेशन स्वतःच एकेका महानगराचं केंद्र शोभेल असं. शिंजुकूला तर दोनशेच्या वर दरवाजे आहेत, चुकीच्या दारातून बाहेर पडलात की वेगळ्याच गावात. पण स्टेशनपासून दहा मिनिटं आत चाला, दोन मजली घरं, सायकली, कुंड्या, गाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली, आणि शांतता. माणूस एका वेळी जगतो ते त्याच्या स्टेशनाभोवतीचं छोटं गाव. मोठेपण जाणवतं ते ट्रेनच्या खिडकीत, लोकल पकडून बाहेरच्या दिशेने गेलात की, कारण घरं थांबतच नाहीत.

आणि सगळ्यात मोठं कोण याचा घोळ आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात टोकियो पहिलं होतं, ३ कोटी ७० लाख. २०२५ च्या अहवालात जकार्ता पहिलं, जवळजवळ ४ कोटी २० लाख, ढाका दुसरं, टोकियो ३ कोटी ३० लाखांवर तिसरं. सात वर्षांत टोकियो रिकामं झालं असं नाही, मोजायची पद्धत बदलली. आधी प्रत्येक देश स्वतःच्या व्याख्येने आकडे द्यायचा, आता सगळ्यांना एकच चाळणी, एक-एक चौरस किमीचे चौकोन पाडायचे, ज्यात दीड हजारांच्या वर लोक आहेत असे एकमेकांना चिकटलेले चौकोन जोडत जायचे. मला वाटतं ही पद्धत पायी चालणाऱ्याच्या अनुभवाच्या जास्त जवळ आहे, वस्ती तुटेपर्यंत शहर.

नकाशेवेडा
चौकोनांची पद्धत उत्तमच, पण त्यात प्रवासाचा वेग येत नाही. चेझारे मार्केटी म्हणून इटालियन शास्त्रज्ञ होता, त्याने १९९४ मध्ये मांडलं की माणूस कुठल्याही काळात रोज सरासरी तासभरच प्रवासाला देतो, अर्धा तास जायला अर्धा यायला. पायी असेल तर अडीच किमी, म्हणून जुनी तटबंदीची शहरं पाच किमी व्यासाच्या पुढे सहसा जात नव्हती. रोमची प्राचीन ऑरेलियन भिंत १९ किमी लांब आहे, पण वेडीवाकडी, आतली जागा जेमतेम १४ चौरस किमी, म्हणजे साधारण बसतं त्यात. आजची रोम महापालिका १२८५ चौरस किमीची आहे, पॅरिसच्या बारापट! पण पाहुणा येतो, त्या भिंतीच्या आत फिरतो आणि "रोम किती आटोपशीर आहे" म्हणत परत जातो. बाकीचं शहर त्याने पाहिलेलंच नसतं.

लंडनला अजून वेगळी गंमत, तिथे नकाशाच फसवतो. हॅरी बेकने काढलेला भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध नकाशा १९३३ मध्ये छापला गेला, सरळ रेषा, ठरावीक कोन, अंतराशी काही देणंघेणं नाही. मधला भाग ताणला, उपनगरं आत ओढली. त्यामुळे लेस्टर स्क्वेअर ते कव्हेंट गार्डन लोक भुयारी रेल्वेने जातात, जे अंतर आहे २६० मीटर! जिना उतरून परत चढण्यापेक्षा चालत लवकर पोचाल. म्हणजे मधलं लंडन आहे त्यापेक्षा मोठं वाटतं आणि एकूण लंडन, १५७२ चौरस किमी, आहे त्यापेक्षा लहान.

गल्लीबोळ
उनाडपाखरू, "टोकियो लहान" हे स्क्रीनशॉट काढून ठेवलंय :D

इस्तंबूल राहिलं. दीड कोटी लोक, दोन खंड, तरी दिशा चुकत नाही, कारण मधून बॉस्फरसची सामुद्रधुनी वाहते आणि फेरीबोटीवर उभं राहिलं की दोन्ही काठ समोर मांडलेले असतात, घुमट, मिनार, पूल, सगळं ओळीने. त्याच शहराच्या बाहेरच्या भागात बसने जा, तिथे इमारतींच्या रांगा संपता संपत नाहीत आणि पाण्याचा पत्ता नाही, ते वेगळंच शहर वाटतं.

रात्रपाळी
एक मॉस्को पण टाका यादीत. २०१२ मध्ये नैऋत्येला हद्द एवढी सरकवली की शहर नकाशावर जवळपास अडीचपट झालं, लोकसंख्या मात्र त्या मानाने किरकोळच वाढली, कारण नवीन भागात गावं, दाचे (सुट्टीतली घरं) आणि जंगलंच जास्त. जुन्या १०९ किमीच्या रिंगरोडच्या आत राहणाऱ्या माणसाला विचारा शहर कुठपर्यंत, तो अजून रिंगरोडच दाखवेल. पायपीट, तुमच्या बर्लिनला सोबत मिळाली.