विषय: मंडळाची वेबसाइट – ड्रुपल ७ नंतर काय?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
आपली वेबसाइट अजून ड्रुपल ७ या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीवर आहे. त्याचा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला. आता सुरक्षेतली एखादी त्रुटी सापडली, तरी ड्रुपलकडून दुरुस्ती येणार नाही. साइटवर सभासदांचे पत्ते आहेत, त्यामुळे हा विषय पुढच्या कार्यकारिणीच्या गळ्यात टाकणं मला पटत नाही. ड्रुपलच ठेवायचं, की वर्डप्रेस किंवा जूमला अशी दुसरी प्रणाली घ्यायची? रविवारच्या बैठकीआधी मतं कळवा. "आमच्या ऑफिसात हेच वापरतात" यापलीकडचं काही असेल तर उत्तम!

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई,
माझा जीव ड्रुपलमध्ये आहे, तरी मत वर्डप्रेसला.
२०१५ मध्ये ड्रुपल ८ आलं तेव्हा आतली रचना सिम्फनी या तयार कोड-चौकटीच्या आधारे बरीचशी नव्याने लिहिली गेली. त्यामुळे ७ वरून आजच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे नवी साइट उभारून जुना मजकूर तिच्यात हलवणं. थीम (साइटचं रूप) नव्याने करायची, मॉड्यूल्सना (जोड-सुविधांना) पर्याय शोधायचे. पुढच्या अपडेटसाठीही कम्पोझर (कोडचे भाग बसवणारं साधन) आणि कमांड लाइनला (आज्ञा टाइप करून काम करण्याला) न बिचकणारा माणूस हवा. सध्या तो मी आहे. पुढच्या निवडणुकीनंतर कोण, ते सांगा.
ड्रुपल ७ मधूनच निघालेलं बॅकड्रॉप २०१५ पासून आहे आणि जुन्या डेटाबेससकट त्यावर जाता येतं. मला ते आवडतं. पण नव्या स्वयंसेवकाने त्याचं नाव ऐकलेलं असण्याची शक्यता कमी. वर्डप्रेस कुणी ना कुणी हाताळलेलं असतं, आणि त्याचे किरकोळ सुरक्षा-अपडेट २०१३ पासून आपोआप बसतात. जूमला वाईट नाही, पण आपल्यात ते येणारं कुणी नाही, म्हणून विषय संपला.

प्रेषक: एक सभासद

काका, एवढा पसारा कशाला? ह्यूगो घ्या, ते साइटची पानं आधीच तयार करून देतं. सर्व्हरवर ना डेटाबेस, ना पीएचपीचा कोड, नुसती तयार पानं. हॅक करायला फारसं काही उरतच नाही. मी बसवून देतो.

प्रेषक: वार्तापत्र संपादक

अरे, बसवशील रे तू! पण कार्यक्रमाची वेळ आयत्या वेळी बदलली, तर मी गिट (फाइलींतले बदल नोंदवायचं साधन) शिकत बसू का? मला फोनवरून लॉगिन करून एक ओळ बदलता आली पाहिजे. आणि तू नोकरीनिमित्त दुसरीकडे गेलास, की साइट तुझ्या लॅपटॉपात अडकणार.
वर्डप्रेस चालेल, पण प्लगइनची (जोड-सुविधांची) जत्रा भरवू नका. ज्याच्या अपडेट बंद पडल्या आहेत ते प्लगइन कितीही गोंडस असलं तरी नको.
आणि ज्याबद्दल कुणीच बोललं नाही ते: आपले सगळ्यात जुने लेख शिवाजी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते, शोधून सापडत नाहीत. कोणतीही प्रणाली घेतली तरी ते आपोआप युनिकोड होणार नाहीत. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात. खरं काम इथे आहे. मुद्रितशोधनाला चार जण द्या.

प्रेषक: खजिनदार

सॉफ्टवेअर फुकट, हे कळलं. होस्टिंग, डोमेन आणि बॅकअप फुकट नाहीत. डोमेन अजून एका माजी अध्यक्षांच्या खासगी ईमेलवर आहे. नूतनीकरणाची सूचना त्यांच्या स्पॅममध्ये गेली, तर वर्डप्रेस की ड्रुपल हा वादच उरणार नाही. आधी ते मंडळाच्या ईमेलवर आणा.
वर्गणीसाठी सिव्हीसीआरएम या सभासद-नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव कानावर आलंय. घ्यायचं का?

प्रेषक: वेबसाइट समिती

ते वर्डप्रेसवर चालतं, पण सांभाळायला स्वतंत्र माणूस लागेल. तूर्त नको. आणि सभासद-यादी नव्या साइटवर चढवूच नका. ती तुमच्याकडेच बरी.

प्रेषक: सचिव

ठीक. रविवारी वर्डप्रेसचा ठराव मांडते. डोमेनसाठी माजी अध्यक्षांना आजच फोन करते. ॲडमिन खाती दोघांची, वेगवेगळी. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवणं बंद.
ह्यूगोवाल्या दादासाठी काम आहे: जुनी साइट बंद करण्याआधी सभासदांची माहिती वगळून तिची स्थिर एचटीएमएल प्रत काढून ठेवशील का? मुद्रितशोधनासाठी दोन नावं आली आहेत, अजून दोन हवीत.