शब्दचर्चा : खेळातल्या ‘सिनॅरिओ’ला मराठीत काय म्हणावे?

म्हापशाहून :

आम्ही काही मित्र ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकावरच्या युद्धखेळाच्या संपादकात (नकाशे रचायच्या साधनात) १६८३ सालच्या मराठे-पोर्तुगीज लढाईतला गोव्यातला फोंडा किल्ला आणि जुवे बेट बसवतो आहोत. नकाशा बराचसा झाला आहे. खेळाडूला दिसणारी प्रत्येक ओळ मराठीत असावी असे पहिल्यापासून ठरले होते, आणि काम तिथेच अडून बसले आहे. ‘सिनॅरिओ’ला, म्हणजे एका नकाशावर खेळायच्या एकेका भागाला, कोणी परिस्थिती म्हणतो, कोणी मोहीम, कोणी डाव, कोणी कथानक. ट्रिगर, बॅलन्स, प्लेटेस्ट यांचेही तसेच. जाणकारांनी नुसता प्रतिशब्द न देता तो का, तेही सांगावे.

फोंड्याहून :

‘परिस्थिती’ आधी बाजूला ठेवा. पूरपरिस्थिती, दुष्काळी परिस्थिती असे वाचून वाचून तो शब्द निर्जीव झाला आहे. ‘कथानक’ नाटककादंबरीचे, ते आधीच लिहून झालेले असते, खेळाडूला त्यात करायला काही उरत नाही. ‘डाव’ म्हणजे एकदा खेळून झालेला खेळ, म्हणून तो ‘मॅच’साठी योग्य.

‘मोहीम’ उत्तम शब्द आहे, पण तो कॅम्पेनसाठी, म्हणजे सिनॅरिओंच्या मालिकेसाठी, राखून ठेवा. मोहीम महिनोन् महिने चालते, तिच्यात मुक्काम येतात, वेढे येतात, तहाची बोलणी येतात. ‘स्वारी’ एकाच बाजूची असते. जो चालून जातो त्याची. बचाव करणाऱ्याच्या हाती सूत्रे दिली की ‘स्वारी’ लटकी पडते.

माझे मत ‘प्रसंग’. जुन्या मराठीत हा शब्द लढाईच्या अगदी जवळचा आहे. युद्धप्रसंग, बाका प्रसंग, प्रसंग पडला, प्रसंगी कामास आला. या सगळ्यांत ठरावीक जागा आहे, ठरावीक वेळ आहे आणि टाळता न येणारा निर्णय आहे. चांगल्या सिनॅरिओत याहून वेगळे काय असते? शेजारी होन्नावर-कारवारकडे यक्षगानाच्या एकेका कथाभागालाही ‘प्रसंग’च म्हणतात.

नाव बदलले की रचनाही बदलते, म्हणून मी यावर अडून बसलो आहे. १६८३ च्या पावसाळ्यानंतर पोर्तुगिजांचा विजरई (व्हाइसरॉय) कोंदि द आल्व्होर फोंड्यावर चालून आला. किल्ला येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी लढवला. तटाला खिंडारे पडली, तेवढ्यात संभाजीराजे स्वतः कुमक घेऊन आले आणि विजरईला दुर्भाटच्या बाजूने माघार घ्यावी लागली. हा एक प्रसंग. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुव्याचा किल्ला घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो परत घ्यायला आलेला विजरई मार खाऊन परतला. हा दुसरा. पुढे साष्टी आणि बार्देशावरच्या धाडी, आणि मोगल शहजादा शाहआलम फौज घेऊन येतो म्हटल्यावर जानेवारी १६८४ मध्ये राजांचे परत फिरणे. हे सगळे मिळून मोहीम.

हे सगळे एकाच नकाशात कोंबले, तर सवयीचा खेळाडू अर्ध्या तासात जुने गोवे घेऊन मोकळा होईल आणि संभाजीराजे परत का फिरले ते त्याला कधीच कळणार नाही. मोगल फौज नकाशावर दिसूच नये. ती फक्त उरलेल्या वेळाच्या रूपाने जाणवावी.

पेडण्याहून :

बाब, विवेचन पटले, पण शब्द नाही पटला. आजच्या मुलाला ‘प्रसंग’ म्हटले की शाळेतले प्रसंगलेखन आठवते, नाहीतर सिनेमातला सीन. यादीत ‘प्रसंग तिसरा’ वाचून त्याला काय उमजणार? खेळणारी सगळी मुले सिनॅरिओच म्हणतात. टेबल, पगार, बटाटा आपण घेतले, त्यातच हा एक.

फोंड्याहून :

तुमची मुले कट्ट्यावर सिनॅरिओच म्हणणार, त्याला कोणाची ना नाही. प्रश्न पडद्यावर काय छापायचे याचा आहे. तिथे ‘प्रसंग दुसरा : जुवे, २४ नोव्हेंबर १६८३ ची रात्र’ एवढे वाचल्यावर कोणाला प्रसंगलेखन आठवेल असे मला वाटत नाही. शब्द शेजारच्या शब्दांनी उजळतो.

दिवाडीहून :

मी नदीकाठचा, म्हणून जमिनीच्या आणि पाण्याच्या शब्दांबद्दल बोलतो. खेळात पाण्याचा एक उथळ प्रकार असतो, ज्यातून माणसेही जातात आणि जहाजेही. त्याला ‘उथळ पाणी’ म्हणू नका. उथळ ही खोलीची गोष्ट झाली. सैन्याला हवा असतो तो ‘उतार’. नदीला उतार आहे, उतार मिळाला, उतार नाही, अशीच जुनी भाषा आहे. शिवाय होडीने पलीकडे जायची जागा ती ‘तार’ आणि नेणारा तो ‘तारी’. हे दोन शब्द आमच्याकडे अजून तोंडात आहेत. नकाशावर लिहा, खेळाडूला जागा चटकन कळेल.

आता खरी अडचण. मांडवीचा उतार दिवसभर उतार नसतो. मराठ्यांनी जुव्यावर ओहोटी साधली. जुवे म्हणजेच बेट. भरतीला ते चहूबाजूंनी बंद. तुमच्या नकाशात तो उतार सदासर्वकाळ खुला असेल, तर २४ नोव्हेंबरच्या रात्रीला काही अर्थच उरत नाही. संपादकात भरती-ओहोटी तयार मिळत नाही, पण उताराच्या तोंडाशी दरवाजा ठेवून तो ठरावीक वेळाने उघडेल आणि बंद होईल असे करता येते. दरवाजा दिसायला विजोड दिसतो हे खरे. तरी पाण्याची वेळ खेळाडूच्या अंगवळणी पडणे जास्त मोलाचे. सूचनेची ओळ साधी असू द्या : ‘ओहोटी लागली. उतार मोकळा आहे.’

आणि नदीकाठचे, खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेले शेत दाखवताना ‘खाजन’ हाच शब्द वापरा. बांध आणि मानस (बांधातले पाणी सोडायचे-अडवायचे दार) यांच्याशिवाय ते काढू नका. बांध फुटला की खारे पाणी आत येते आणि पायी चालणाऱ्याची वाट तुटते. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या नकाशात नदीकाठी नुसते हिरवे गवत येणार नाही.

डिचोलीहून :

ट्रिगरबद्दल. कळ, चाप, खटका हे तिन्ही सुचतील, पण तिन्ही बंदुकीचे किंवा यंत्राचे. संपादकातला ट्रिगर म्हणजे एक अट आणि तिचा परिणाम. शिवाय तो शब्द खेळाडूला कधी दिसतच नाही. तो आपल्या कामाचा, आपसात बोलायचा शब्द. तिथे ट्रिगर, मॅप, युनिट राहू द्यावेत, काम अडत नाही. मराठीचा जोर लावायचा तो खेळाडू वाचतो त्या ओळींवर. मला बोलताना ‘निमित्त’ म्हणायला आवडते (‘कुमक पोहोचली हे निमित्त, वेढेकऱ्यांची माघार हा परिणाम’), पण आग्रह नाही.

प्लेटेस्टला, म्हणजे रचलेला खेळ आधी खेळून पाहण्याला, मात्र माझ्याकडे पक्का शब्द आहे : तालीम. आपल्या गावात जत्रेचे नाटक बसवतात, तेव्हा पहिल्या तालमीला संहिता एक असते आणि शेवटच्या तालमीला वेगळीच झालेली असते. सिनॅरिओही असाच बसवावा लागतो. ज्याने तो रचला त्याने एकट्याने खेळून उपयोग नाही. कुमक कुठून येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. नवख्याला बसवा, मागे उभे राहा आणि तोंड उघडू नका. तो जिथे थबकेल तिथली ओळ चुकली आहे.

‘बॅलन्स’ला समतोल म्हणू नका. समतोल आहाराचा आणि पर्यावरणाचा. ‘तोल’ पुरे. फोंड्याच्या किल्ल्यातली शिबंदी आणि विजरईची फौज बरोबरीची नव्हती, आणि ती बरोबरीची करायचीही नाही. तोल सांभाळायचा तो अटींतून. बचाव करणाऱ्याला ‘शत्रूचा नाश करा’ ही अट दिलीत की तोल गेला. त्याला ‘कुमक येईपर्यंत तग धरा’ द्या. याचा सर्वांत स्वच्छ नमुना १५१० चा आहे. आदिलशाही फौजेने मे महिन्यात गोवे परत घेतले आणि पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कची जहाजे मांडवीच्या मुखाशी अडकली. पावसाळ्यात बाहेर समुद्रात जाता येईना, काठावर उतरता येईना. ऑगस्टपर्यंत तसेच. २५ नोव्हेंबरला त्याने गोवे पुन्हा घेतले, पण तो वेगळा प्रसंग. पावसाळ्यातल्या प्रसंगात ‘जिंका’ हा शब्दच येता कामा नये. तिथे ‘तगा’.

फोंड्याहून :

तग धरण्यावरून आठवले, ‘वेढा’ शब्दाची क्रियापदे जपा. वेढा घालतो तो शत्रू, आणि वेढा उठवतो तोही शत्रूच. मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला ‘वेढा उठवा’ असे उद्दिष्ट दिलेत तर तो गोंधळेल. त्याच्यासाठी ‘वेढा मोडून काढा’ किंवा ‘विजरईला वेढा उठवायला लावा’. शीर्षकही ‘फोंड्याचा वेढा’ एवढेच ठेवू नका. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनीही फोंड्याला वेढा घालून किल्ला घेतला होता. साल घाला, नाहीतर कोण आत आणि कोण बाहेर ते कळत नाही.

‘मोर्चा’ वापरणार असाल तर जरूर वापरा, पण वेढ्याच्या जुन्या अर्थाने, म्हणजे तोफा रोखून धरलेली फळी. ‘मोर्चे लावले’ वाचून घोषणा देत जाणारी माणसे डोळ्यांपुढे येऊ नयेत, म्हणून पहिल्यांदा वापराल तेव्हा जवळ तोफ दाखवा.

पेडण्याहून :

तालीम आणि तग हे दोन्ही मी विनाअट घेतले. एकच जोडतो. निवेदकाच्या तोंडी ‘पोर्तुगीज’ असू द्या, मराठा सरदारांच्या तोंडी ‘फिरंगी’ आणि ‘विजरई’. जुव्याच्या काठावरच्या कुळाच्या तोंडी ‘पाखले’. एकाच माणसांना तीन तोंडांतून तीन नावे आली की कोण बोलतो आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. ‘व्हाइसरॉय’ मात्र कुठेच नको, तो नंतरच्या इंग्रजांच्या काळातला कानाला वाटतो.