अनुभव धागा: पुन्हा जालनिशीकडे वळताना

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)
फेसबुकवर ओळखीच्या माणसांपेक्षा जाहिराती जास्त दिसतात आणि व्हॉट्सॲप शुभ सकाळपाशी अडकलंय, म्हणून जुनी जालनिशी (ब्लॉग) झाडूनपुसून पुन्हा सुरू करणारे वाढलेत. उत्तम. पण बहुतेकांचा दम चार-पाच नोंदींत निघतो, आणि दर वेळी कारण आळस नसतं. पूर्वी लिहिलं की वाचक आपसूक यायचे, कारण आवडत्या जालनिश्यांच्या नव्या नोंदी एका जागी आणून देणारं गूगल रीडर होतं. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं आणि लिहिणारा नि वाचणारा यांच्यातला पोस्टमनच गेला. ती सोय आता आपली आपण करावी लागते, आणि ती कशी करायची हे कोणी नीट सांगत नाही.

तेव्हा जाणकारांनी लिहावं: जागा कोणती, कुलूप कसं लावायचं, वाचक परत कसे येतात, काय मोडतं आणि का मोडतं. 'लिहीत राहा, लोक येतील' छापाचे प्रतिसाद नकोत. स्वतःच्या नोंदींची जाहिरातही नको.

तळटीप
जागेपासून सुरुवात करतो. लाइव्हजर्नल ही जालनिशीची जुनी जागा आठवत असेल तर तिच्यासारखंच ड्रीमविड्थ बघा. लाइव्हजर्नल ब्रॅड फिट्झपॅट्रिकने १९९९ मध्ये सुरू केलं. २००७ च्या डिसेंबरात ते एका रशियन कंपनीकडे गेलं, २०१६ च्या अखेरीस सर्व्हरही रशियात हलले आणि एप्रिल २०१७ मध्ये रशियन कायद्याला बांधलेल्या नव्या अटी आल्या. तेव्हा लोकांची रीघ ड्रीमविड्थकडे लागली. ड्रीमविड्थ त्याच मूळ कोडवरून २००९ मध्ये उभं राहिलंय. जाहिराती नाहीत, पैसे भरणाऱ्या सदस्यांवर चालतं. जुन्या लाइव्हजर्नलच्या नोंदी, प्रतिसाद आणि टॅग तिथल्या आयात सोयीने आणता येतात.

त्याची खरी करामत वाचकांच्या यादीत आहे. लाइव्हजर्नलवर 'मित्र' केलं की त्याचं लेखन आपल्या यादीत यायचं आणि आपल्या कुलूपबंद नोंदीही त्याला दिसायच्या, दोन्ही एकाच झटक्यात. ड्रीमविड्थने हे वेगळं केलं: कोणाचं वाचायचं ती यादी निराळी, कोणाला वाचू द्यायचं ती निराळी. दुसऱ्या यादीचे पुन्हा गट पाडता येतात. आजारपणाचं चौघांना, ऑफिसचं वेगळ्या सहांना, भाजीपाल्याचं सगळ्यांना. नोंद टाकल्यावरही तिचा गट बदलता येतो.

मोडतं कुठे? कुलूपबंद नोंद वाचायला वाचकाचंही तिथे खातं लागतं, पडदा इंग्रजी आहे, फोटोंची सोय तोकडी आहे. वाचक मोजके आणि जालावर रुळलेले असतील तर याला तोड नाही. मावशी-काकांना वाचायला द्यायचं असेल तर वर्डप्रेस किंवा गूगलचं ब्लॉगरच बरं.

ऱ्हस्वदीर्घ
ब्लॉगरवर मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ज्या कुठल्याच मार्गदर्शक व्हिडिओत नसतात.

एक, नोंदीचा पत्ता. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगरला त्यातून पत्ता बनवता येत नाही. मग सगळ्या नोंदी 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एक आकडा अशा निघतात. वर्षभराने कुठला दुवा कशाचा हे तुम्हालाही ओळखता येत नाही. उपाय: प्रकाशित करण्यापूर्वी उजवीकडच्या 'पर्मालिंक'मध्ये स्वतःचा पत्ता रोमन अक्षरांत टंका. प्रकाशनानंतर ती चौकट गोठते. वर्डप्रेसचं उलटं आहे. तिथे पत्ता देवनागरीत बनतो, पण तो दुवा कुठे डकवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. 'दिवाळी' या शब्दात द, ऱ्हस्व वेलांटी, व, काना, ळ, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे चोपन्न रोमन चिन्हांची शेपटी. चार शब्दी शीर्षकाचा दुवा मेलमध्ये मधेच तुटतो आणि वाचक म्हणतो, पान उघडत नाही.

दोन, शोध. 'ॲ' दोन प्रकारे टंकला जातो. एक सलग चिन्ह, जे युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य क्रमावलीत) २००८ साली आलं. दुसरा 'अ'वर चंद्र ठेवून केलेला. डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. तीच गत दऱ्या-खोऱ्यातल्या ऱ्याची. जुन्या नोंदी एका कळफलकाने आणि नव्या दुसऱ्याने टंकलेल्या असतील तर 'ॲसिडिटी' शोधल्यावर निम्म्याच सापडतात. टॅगमध्ये हे फार छळतं: एकच टॅग यादीत दोनदा दिसतो. टॅगसाठी असे शब्द टाळा, नाहीतर जुन्या नोंदींत एकदा शोधून-बदलून घ्या.

कुलूपकिल्ली
तळटीप यांनी कुलपाचं छान सांगितलं. पण 'खाजगी' या बटणावर किती विसंबायचं ते बघू.

ब्लॉगरवर वाचक निवडून देता येतात. ईमेल टाकायचा, त्यांना आमंत्रण जातं. पण जालनिशी अशी बंद केली की तिची फीडही (नव्या नोंदी वाचकाच्या ॲपला आपोआप पोचवणारा दुवा) बंद होते. नवी नोंद आल्याचं कोणाला कळतच नाही, आणि 'मला कोणी वाचत नाही' ही तक्रार बहुधा इथून उगवते. बंद जालनिशी चालवायची तर नोंदीगणिक मेल किंवा ब्रॉडकास्टने दुवा पाठवणं आलंच. व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट फक्त ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला आहे त्यांनाच पोचतो, हेही ध्यानात असू द्या.

स्वतःच्या सर्व्हरवरच्या वर्डप्रेसमध्ये एखाद्या नोंदीला परवलीचा शब्द लावता येतो. एकदा टाकला की त्या ब्राउझरमध्ये मूळ मांडणीनुसार दहा दिवस चालतो. नोंदीचं शीर्षक मात्र सगळ्यांना दिसतं! 'नोकरी सोडतोय' असं शीर्षक देऊन आत कुलूप लावण्यात काय हशील? आणि नोंद बंद असली तरी आतला फोटो बंद होत नाही. त्याचा थेट पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला तो उघडतो.

फोटोवरून आठवलं. फोनच्या मूळ फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान बंद ठेवा, नाहीतर चढवण्यापूर्वी पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो वापरा; त्यात ठिकाण नसतं.

आता टोपणनावाबद्दल, कारण मराठीत ते इंग्रजीइतकं सोपं नाही. 'मी गेलो', 'मी जाते' म्हटलं की लिहिणारा बाई की बुवा ते पहिल्याच वाक्यात उघड. लपवायचं असेल तर सकर्मक भूतकाळ वापरा: मी वाचलं, मी केलं, मी पाहिलं. 'मला वाटलं' चालतं, भविष्यकाळातलं 'जाईन' चालतं, 'जायचं ठरवलं' चालतं. 'बोलणे' आणि 'शिकणे' इथे दगा देतात, कारण सकर्मक वाटले तरी ते 'मी बोललो, मी शिकले' असेच चालतात. नावं बदलून भागत नाही. तालुका, पेशा आणि मुलांची संख्या या तीन गोष्टी एकत्र आल्या की लहान गावात माणूस ओळखू येतो. तिन्हींतली एक तरी गाळावी. इतरांच्या आजाराबद्दल आणि मुलांच्या शाळेबद्दल लिहिताना तर नक्कीच.

लिमलेट
एवढी कुलपं लावायची तर साधी वही काय वाईट? की व्हॉट्सॲपचा पाच जणांचा ग्रुप?

कुलूपकिल्ली
@लिमलेट, वही वाचून कोणी प्रतिसाद देत नाही. ग्रुपवर प्रतिसाद येतो, पण मंगळवारी लिहिलेल्या परिच्छेदावर शनिवारी कोणाला बोलावंसं वाटलं तर तोवर वर दोनशे निरोप आलेले असतात. जालनिशीत प्रतिसाद नोंदीखालीच राहतो, सहा महिन्यांनी आला तरी.

घाटमाथा
वाचक परत येण्याचं माझ्याकडून. फीड मेली नाही, दिसेनाशी झालीय. वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि 'फीड' (रोमन अक्षरांत, feed) जोडा, मिळते. ब्लॉगरवर पत्ता लांब आहे, पण फीडली किंवा इनोरीडर अशा फीड वाचायच्या ॲपमध्ये नुसता मुख्य पत्ता दिला तरी ते स्वतः शोधून घेतात. वाचकाला 'आरएसएस वापरा' (म्हणजे फीड वापरा) सांगून काही होत नाही. त्याच्या फोनवर फीड वाचायचं ॲप बसवून आणखी तीन-चार जालनिश्या जोडून द्याव्या लागतात. एकटी तुमची असेल तर तो ते ॲप उघडणारच नाही.

फीडमध्ये पूर्ण मजकूर द्या. वर्डप्रेसमध्ये 'सारांश' निवडलं की सुरुवातीचे ५५ शब्द जातात आणि वाचकाला पुन्हा ब्राउझर उघडावा लागतो. आकडे वाढवायला ते ठीक. दहा माणसांसाठी लिहिताना कशाला?

ज्यांना फीड झेपत नाही त्यांना मेल. ब्लॉगरचं जुनं 'ईमेलने अनुसरा' खोकं गूगलच्या फीडबर्नर या सेवेवर चालायचं आणि २०२१ च्या जुलैपासून त्यातून मेल जाणं थांबलं. पुष्कळ जुन्या जालनिश्यांवर ते खोकं अजून लटकलंय, लोक त्यात पत्ते टाकतात आणि वाट बघतात. काढून टाका. वर्डप्रेस डॉट कॉमवर मेलची सोय अंगचीच आहे. ब्लॉगरवाल्यांनी फीडवरून मेल धाडणारी एखादी बाहेरची सेवा जोडावी आणि आधी स्वतःचा दुसरा ईमेल टाकून तपासावं, पहिला मेल हमखास स्पॅममध्ये जातो.

जुनी_वही
प्रतिसादांबद्दल, कारण माणसं तिथेच जोडली जातात.

ब्लॉगरवर 'प्रतिसाद टाकला पण उमटला नाही' ही जुनी रड आहे. प्रतिसादाची चौकट नोंदीखाली 'एम्बेडेड' ठेवली की तिला तृतीय-पक्ष कुकीज (दुसऱ्या साइटने ब्राउझरात ठेवलेल्या खुणा) लागतात. सफारीसारखे ब्राउझर त्या अडवतात. मग वाचक लॉगिन करतो, चौकट पुन्हा कोरी होते, मजकूर गेला. सेटिंगमध्ये प्रतिसादाची जागा 'पूर्ण पान' किंवा 'पॉपअप' करा, प्रश्न मिटतो. दिसायला जरा गबाळं, पण चालतं. अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा बंद करा. ज्येष्ठ वाचक तिथूनच मागे फिरतात. स्पॅम मुख्यतः जुन्या नोंदींवर येतो, म्हणून 'ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या नोंदींवरचे प्रतिसाद तपासून' हा पर्याय निवडायचा. ताज्या नोंदीवर लगेच उमटू द्या, नाहीतर गप्पा होत नाहीत.

नोंदीच्या शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' विचारलं तर कोणी काही म्हणत नाही. 'तुमच्याकडे वालाचं बिरडं कशात घालून मोड आणतात, फडक्यात की डब्यात?' विचारा, सात उत्तरं येतील. उत्तर देणाऱ्याला 'धन्यवाद' एवढंच म्हणू नका, त्याच्या उत्तरातली एक गोष्ट धरून उलट विचारा. आणि आठवड्यात स्वतःच्या एका नोंदीमागे दुसऱ्यांकडे निदान तीन प्रतिसाद टाका. हे प्रमाण गचाळ वाटेल, पण नव्याने सुरू करणाऱ्याकडे वाचक येण्याचा दुसरा रस्ता मला तरी दिसलेला नाही.

खो देणं पुन्हा सुरू करायला हवं. एका विषयावर लिहायचं आणि शेवटी तिघांना खो द्यायचा. तीनच. पाच-सात जणांना दिला की 'कोणीतरी लिहील' होतं. मुदत दहा दिवस, नाही लिहिलं तर खो परत घेऊन दुसऱ्याला. विषय 'आठवणीतला पाऊस' असला मोघम नको. 'स्वयंपाकघरातल्या सर्वांत जुन्या भांड्याची मापं' असा द्या.

सातपुडा
लिहिण्याच्या वारंवारतेवर थोडकं. वर्षाला शंभर नोंदींचं एक आव्हान जालावर २०२० पासून फिरतंय. नोकरी-घर सांभाळून ते कठीणच. आठवड्याला एक, तीनशे ते चारशे शब्द, ठरलेला वार. बोलून टंकायची सोय मराठीत आता बरी आहे, पण विरामचिन्हं बहुतेक गळतात आणि 'कि' नि 'की' सरमिसळ होते. बोलून घ्यायचं संध्याकाळी, दुरुस्त करायचं सकाळी. घटनेची तारीख नोंदीत वेगळी लिहा; प्रकाशनाची तारीख तिच्याशी क्वचितच जुळते.

तळटीप
बॅकअपचं कोणीच बोललं नाही! लिहिण्या-भेटण्याच्या जागा बंद पडतात: जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींकडून नोंदींची एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात मजकूर आणि प्रतिसाद असतात, फोटो नसतात. असतात ते फोटोंचे फक्त पत्ते. मूळ जागा बंद पडली की ते पत्ते मेले. म्हणून फोटोंचा फोल्डर वेगळा उतरवा, दर तीन महिन्यांनी.

स्वतःचं डोमेन (जालावरच्या पत्त्याचं नाव) घेतलंत तर आपोआप नूतनीकरणावर भिस्त ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आवर्ती वसुलीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि परदेशी कंपन्यांच्या कितीतरी आपोआप वसुल्या फसायला लागल्या. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरात लावा. ब्लॉगर वापरणाऱ्यांनी त्या गूगल खात्यात अधूनमधून शिरत राहावं. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसण्याचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे.

लिमलेट
बरं, पटलं. आता शंका: २००३-०४ चं बरंच लिखाण शिवाजी फॉन्टमधल्या वर्ड फायलींत आहे. डकवलं की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

ऱ्हस्वदीर्घ
@लिमलेट, काला नाही तो, मजकूर शाबूत आहे. आधी वर्डमध्ये फॉन्टचं नेमकं नाव बघा. एकाच फायलीत दोन फॉन्ट असू शकतात, तसं असेल तर तुकडे वेगळे करा. मग त्याच फॉन्टसाठीचा परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून युनिकोड करा. पीडीएफमधून उचलू नका, तिथे अक्षरांचा क्रम आधीच विस्कटलेला असतो. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे चुका बहुतेक याच दोन जागी होतात. 'कार्तिकी' आणि 'निश्चित' हे शब्द नीट आले का बघा, शिवाय 'ज्यांच्या', 'दऱ्या', 'शृंगार'. हे पाच बरोबर असतील तर बाकीचं वरवर वाचून चालेल. मूळ फायली पुसू नका.