बी विंग ग्रुप : सर्पगंधा घ्यावी का?

नाना (२०४): फॉरवर्ड आलाय, 'सर्पगंधेचं चूर्ण अर्धा चमचा, बीपीची गोळी कायमची बंद'. आमच्या हिचं वरचं १५० च्या खाली यायला तयार नाही. कुणी घेतलंय का?

शिंदे वहिनी (३०१): आमच्या सासूबाई उपाशीपोटी लसूण खायच्या. बीपी काही हललं नाही, पण सकाळी जवळ कुणी फिरकायचं नाही 😄

मृणाल (१०३): नाना, सर्पगंधा थोतांड नाही बरं का. मुंबईच्याच डॉ. रुस्तम वकिलांनी ५० रुग्णांना ती देऊन पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लोकांनी मुळातून रेसरपीन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं. पुढे जगभर गोळी चालली.

नाना (२०४): मग झालं तर! शिवाय आयुर्वेदिक, म्हणजे साइड इफेक्ट नाहीत.

मृणाल (१०३): अहो, साइड इफेक्टपायीच तर मागे पडली! मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं, रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन ती संपवते, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात. तोच उद्योग मेंदूतही होतो. नाक चोंदतं, नाडी मंदावते, काहींना नैराश्य येतं. आणि रेसरपीनची गोळी असायची पाव मिलिग्रॅम, कधी त्याहून कमी. मुळामुळात त्याचं प्रमाण वेगळं. अर्धा चमच्यात किती उतरलं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तरी ठाऊक आहे का? त्यात काकूंची गोळी चालूच. रात्री उठताना चक्कर येऊन पडल्या म्हणजे?

देशपांडे (४०२): मी असलं काही घेत नाही बुवा. खोकल्याला तेवढी ज्येष्ठमधाची काडी, दिवसभर तोंडात.

मृणाल (१०३): काका, तिनं तर बीपी चढतं! अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं. तुमचे पाय सुजतात म्हणत होतात ना?

देशपांडे (४०२): ते बीपीच्या गोळीनं, अ‍ॅम्लोडिपिननं होतं म्हणाले डॉक्टर.

मृणाल (१०३): त्यानंही होतं. पण डॉक्टरांना काडीचं सांगितलंत?

देशपांडे (४०२): काडी काय सांगायची? त्यांनी औषधं विचारली होती.

सेक्रेटरी (५०१): टँकर उद्या सकाळी ७ ला येणार, हा मेसेज सगळ्यांनी वाचला का? फार वर गेला.

नाना (२०४): 👍 मृणाल, हिला आत्ता सांगितलं सगळं. म्हणते, चूर्ण कधीच मागवलंय, मंगळवारी येईल.

मृणाल (१०३): आलं की डबीचा फोटो टाका. झाकण उघडू नका.