एसएल-१२०० वर महागडी एमसी कार्ट्रिज: रोजच्या घरात निभावते का?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. बाबांच्या दीडेकशे एलपी आता माझ्याकडे आल्यात. बहुतेक एचएमव्हीच्या, दमदमच्या कारखान्यातल्या. ख्याल जास्त, थोडं नाट्यसंगीत, थोडी सतार. टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, जुनं घेतलंय. कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) ऑर्टोफोन २एम ब्लू. अँपमध्ये साधा एमएम फोनो आहे, म्हणजे २एमसारख्या चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजचा आवाज वाढवणारा भाग.

अडचण एकच. बाजू संपत आली, द्रुत रंगात आली, की आवाज फाटायला लागतो. ‘स’ आणि ‘श’ तर थुंकल्यासारखे येतात. मेव्हणा दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय. तोही यातलाच. म्हणतो, ‘कॅडेन्झा ब्लू घेऊन येतो, पुन्हा विचारू नकोस.’ ती ऑर्टोफोनचीच, पण एमसी, म्हणजे कॉइल हलणारी. सगळं धरून दीड लाखाच्या घरात जातंय. बायकोने आकडा ऐकला आणि काही बोलली नाही, हे जास्त वाईट.

घरात सहा वर्षांची मुलगी आहे, सकाळी मावशी झाडपूस करायला येतात. ज्यांच्याकडे अशी कार्ट्रिज आहे आणि जे रोज वापरतात, त्यांनी सांगा: निभावते का?

जुन्या_बाजारचा

दीड लाखात दोन कपाटं भरतील एवढ्या रेकॉर्डी येतील. २एम ब्लूत काही वाईट नाही. आधी रेकॉर्डी धुवा, मग बोलू.

सांगलीकर_अण्णा

धुवायच्या तर आहेतच, पण फाटण्याचं दुखणं निव्वळ धुळीचं नाही.

कोपरीकर, माझ्याकडे कॅडेन्झा ब्लूच आहे, आणि आर्मही (कार्ट्रिज धरणारा लांब हात) तुमचाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

एलपी सगळीकडे सारख्याच फेऱ्यांनी फिरते, पण सुईखालून चर सरकतो तो सारख्या वेगाने नाही. काठावर सेकंदाला साधारण ५१ सेंमी, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक अख्खी लाट तिथे २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. त्यात सुई शिरायची कशी? डेनॉन डीएल-१०३ या कार्ट्रिजची गोल सुई साडेसोळा मायक्रॉनच्या त्रिज्येची. तुमच्या ब्लूची लंबगोल सुई बाजूने ८. कॅडेन्झाची ५, आणि वर-खाली ती चराच्या भिंतीला उंच पट्टीसारखी टेकते.

आता आपल्या संगीताचा घोळ बघा. पाश्चात्त्य गाण्यांच्या रेकॉर्डीत शेवटचं गाणं शांत ठेवायची सोय असते. आपल्याकडे विलंबित काठावर, जिथे जागाच जागा, आणि द्रुत, ताना, तराणा सगळं लेबलला चिकटून. रागाची बढत काही चर बघून उलटी करता येत नाही. ज्या पाच मिनिटांसाठी आपण बाजू लावतो ती सगळ्यात अडचणीच्या जागी कापलेली असतात. ख्याल ऐकणाऱ्याने महागड्या कार्ट्रिजचे पैसे मोजायचे ते या पाच मिनिटांसाठी. बाकी ‘स्टेज रुंद झालं’, ‘पडदा दूर झाला’ वगैरे मासिकवाल्यांवर सोडा.

पण त्यासाठी लाख लागतात का? आधी फुकटचं करा. कार्ट्रिज लावताना कुणी इंटरनेटवरचा बेअरवॉल्डचा कागद (कार्ट्रिज नेमकी कुठे बसवायची त्याचा नकाशा) छापून वापरला असेल, तर तो बाजूला ठेवा. टेक्निक्सचं स्वतःचं माप आहे: सुईच्या टोकापासून हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज लावतात तो तुकडा) मागच्या वॉशरपर्यंत ५२ मिमी. त्या मापाने लावलं की सुई चराला अगदी सरळ बसते ती मध्यापासून ५९ आणि ११३ मिमीच्या आसपास. बेअरवॉल्डमध्ये आतला बिंदू ६६ वर येतो. सगळ्या रेकॉर्डीची सरासरी काढली तर बेअरवॉल्ड सरस, मान्य. पण आपला जीव आतल्या टोकाला अडकलाय, आपल्याला सरासरीशी काय करायचंय? एका दुकानदाराने मला कार्ट्रिज नुसती नजरेने लावून दिली होती, वर ‘कानाने ऐका साहेब, पट्टीने नाही’ हेही ऐकवलं. घरी आणून पट्टी लावली. दोन मिमी मागे होती.

मग सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन. कॅडेन्झाला २.५ ग्रॅम लागतात, तुमच्या ब्लूला १.८. काट्यावर पाहा, पण काटा लोखंडी पाटीचा नको. एमसीचं चुंबक तगडं असतं, ते पाटीला स्वतःकडे ओढतं आणि आकडा खोटा येतो. त्याच कारणाने पहिल्या थोरेन्स टीडी-१२४ टर्नटेबलच्या लोखंडी तबकावर असल्या कार्ट्रिज त्रास देतात. तुमचं तबक अॅल्युमिनियमचं आहे, ती चिंता नाही. स्क्रू पिळताना मात्र सुईचं टोपण काढू नका. स्क्रूड्रायव्हर हातातून असा खेचला जातो की पोटात गोळा येतो.

आर्मशी जमेल का म्हणाल तर छान जमतं. तुमच्या आर्मचं वजन १२ ग्रॅम धरा, कार्ट्रिज १०.७, स्क्रूंचा एखाद ग्रॅम, कॉम्प्लायन्स (सुईच्या दांडीची लवचीकता) १२. अनुनाद (ही जोडी आपोआप थरथरते ती गती) साडेनऊ हर्ट्झच्या जवळ येतो. ८ ते १२ मध्ये हवा असतो.

अडेल ते पुढे. ब्लू ५.५ मिलिव्होल्ट देते, कॅडेन्झा ०.५. तुमच्या एमएम फोनोत ती लावली तर आवाजासाठी बटण पार उजवीकडे न्यावं लागेल, आणि गाण्याआधी वायरिंग ऐकू येईल. एक तर एमसीचा फोनो घ्या, नाहीतर मध्ये सिग्नल वाढवणारा एकास दहाचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर टाका. दोन्हीला पैसे पडतात आणि मेव्हण्याच्या हिशेबात ते धरलेले दिसत नाहीत. शिवाय अर्थिंग. एवढासा सिग्नल बिघडवायला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरसुद्धा पुरतो. माझ्याकडे पंखा तीनवर असला की डाव्या स्पीकरमध्ये बारीक करकर येते, चारवर जाते. म्हणून पाहुण्यांना वाटतं अण्णांना उकडतं फार.

आता रोजचं. ऑर्टोफोन म्हणते नीट निगा राखली तर १००० तास. दीड लाख भागिले हजार, तासाला दीडशे. वीस मिनिटांची एक बाजू पन्नास रुपयांना पडली. मी हा हिशेब एकदा केला आणि तेव्हापासून गाणं लावून पेपर वाचत नाही. सुई झिजली की २एम सारखी नुसती सुई ओढून नवी बसवता येत नाही. एमसीची सुई आतल्या कॉइलशी एकाच दांडीवर असते, त्यामुळे अख्खी कार्ट्रिज बदला, नाहीतर परदेशी पाठवून नवं टोक बसवून घ्या.

आणि मावशी. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण फडक्याचा एक धागा अडकला की दांडी मुळासकट येते. त्यात मावशींचा काही दोष नाही, पुसायचं सांगितलं की त्या पुसणारच. आमच्याकडे नियम असा: झाकण बंद, सुईला टोपण, आणि त्या टेबलावरची धूळ मी काढणार. सुईची धूळ कोरड्या ब्रशने, मागून पुढे, उलट कधीच नाही.

माझा सल्ला: कॅडेन्झा आत्ता नको. मुलीला अजून दोन-चार वर्षं त्या झाकणाशी खेळायचंय. सुईचा आकार महत्त्वाचा आहे आणि तो स्वस्तात मिळतो. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५एमएल मागवा. सुई मायक्रोलिनिअर (बारीक, उंच धारेची), आउटपुट ३.५ मिलिव्होल्ट, तुमच्याच एमएम फोनोत चालते. मोडली तर हळहळ वाटेल, पण सुई नवी घालता येईल. शेवटची पाच मिनिटं बरीचशी सुधारतील.

बरीचशी म्हणालो, सगळी नाही. तानपुऱ्याची जवारी आणि गळा यांच्यामध्ये कॅडेन्झा जी मोकळी जागा ठेवते ती मला दुसरीकडे मिळाली नाही, आणि मी माझी विकणार नाही. तेवढा पक्षपात धरून वाचा.

जुन्या_बाजारचा

अण्णा, पण जुन्या रेकॉर्डी आधीच फिएस्टावर (एचएमव्हीचा जुना रेकॉर्ड प्लेअर) घासलेल्या असतात. बारीक सुई लावली की ते घासलेलंच जास्त स्पष्ट ऐकू येणार ना?

सांगलीकर_अण्णा

कधी कधी, हो. तसल्या प्लेअरच्या सिरॅमिक पिकअपची जड सुई चराच्या एका पट्टीत घासून गेलेली असते. बारीक उंच सुई त्या पट्टीच्या वर-खाली टेकते, तिथे कोरी भिंत सापडली तर नशीब उघडतं. चरच खरवडला गेला असेल तर कुठलीच सुई काही करणार नाही. म्हणून बाजारातून आणलेली रेकॉर्ड आधी माझ्या जुन्या २एम वर वाजते, धुऊन पास झाली की मग कॅडेन्झावर. टेक्निक्सचं हेडशेल सुटतं त्याचा हा फायदा. दुसरं हेडशेल तयार ठेवायचं आणि वजन-उंचीचे आकडे चिठ्ठीवर लिहून झाकणाला आतून चिकटवायचे.

आणि लेबल बघा. ईएएलपी, ईसीएलपी असेल तर मोनो. ईएएसडी, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्डीला अँपचं मोनो बटण दाबा. मोनोत गाणं आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत असते ती निव्वळ खरखर, आणि दोन्ही चॅनेल एकत्र केले की ती बरीच कापली जाते. या बटणाएवढी स्वस्त सुधारणा दुसरी नाही, आणि नव्या अँपवाल्यांनी तेच काढून टाकलंय.

कोपरीकर

अण्णा, खूप आभार. पट्टी लावली: ४९ मिमी! कार्ट्रिज पुढे ओढून ५२ वर आणली. ‘श’ अजून बोचतो, पण ताना आता मोजता येतात. मेव्हण्याला व्हीएम९५एमएल सांगितली, तो जरा हिरमुसलाय.

एक राहिलं. बाबांच्या एका पेटीत ७८ च्याही आहेत, लाखेच्या. त्या याच सुईवर लावू का?

सांगलीकर_अण्णा

मुळीच नको! ७८ चा चर कितीतरी रुंद, त्याला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनची गोल सुई लागते. व्हीएम९५एमएलची सुई त्या चराच्या तळाशी लोळेल आणि लाखेतली भुकटी तिला खाऊन टाकेल. व्हीएम९५ च्या त्याच बॉडीवर ७८ ची वेगळी सुई बसते, एसपी नावाची. पण तुमच्या एमके२ वर ७८ चा वेगच नाही, तेव्हा आधी दुसरं टर्नटेबल बघा. तोवर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि धुताना स्पिरिट अजिबात नको, लाख विरघळते. एलपीचं स्पिरिटवालं धुण्याचं द्रावण असेल तर ते कपाटात वेगळं ठेवा आणि बाटलीवर तसं लिहा.

जुन्या_बाजारचा

७८ विकायच्या असतील तर मला सांगा.

कोपरीकर

विकायच्या नाहीत. टर्नटेबल असेल तर सांगा.