प्रतिसाद: राजधानी हलवली की गर्दी हटते?

‘मंत्रालय हलवा, मुंबई मोकळी होईल’ हे वर कुणीतरी लिहिलंय. नवी मुंबईचा मूळ विचार तोच होता! १९७० साली सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाली, ३४४ चौ. किमी क्षेत्र आखलं, २० लाख लोकवस्ती धरली. पण सरकार नरिमन पॉइंटलाच राहिलं. नवी मुंबईत बेलापूरला कोकण भवन (कोकण विभागाची सरकारी कार्यालयं) तेवढं आलं. मुंबई आणि वाशीमधल्या खाडीवर रस्त्याचा पूल १९७३ला झाला, लोकल मात्र वाशीला पोचली १९९२मध्ये. मधल्या काळात नोकरदार येणार कसा? याउलट घाऊक बाजार सक्तीने वाशीला हलवले, तर त्यांच्यामागे व्यापारी, माथाडी, ट्रकवाले सगळेच आले. म्हणजे आधी रोजगार आणि रेल्वे, मग इमारती. आणि जमिनीचा मोबदला आधीच ठरवा. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याच्या आंदोलनावर इथे १९८४ला पोलिसांचा गोळीबार झालाय; संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना त्यानंतर आली.